अमेरिकेत नेमकी 'बंदूक' कशाला म्हणतात? दोन पिनांच्या भोकांनी थेट सुप्रीम कोर्ट गाठलं, त्याची गोष्ट

रील्स बघता बघता कधी ना कधी हा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. गॅरेजमधलं टेबल, त्यावर मांडलेले काळे सुटे भाग, आणि एक अमेरिकन माणूस मेकॅनो जोडावा तशी रायफल जोडतोय. नळी बसते, दस्ता बसतो, स्प्रिंगा बसतात. मध्येच तो दोन बारक्या पिना उचलतो आणि हलक्या हाताने ठोकून आत बसवतो.

आपलं लक्ष नळीकडे असतं. पिनांकडे कोण बघतंय?

पण अमेरिकेत गेली दहा-बारा वर्षं घरी बनवलेल्या बंदुकांवरून जे रणकंदन चाललंय, त्याचं मूळ या दोन पिनांपाशी जाऊन पोचतं. पिनांपाशी म्हणण्यापेक्षा, त्या ज्या भोकांत बसतात त्या भोकांपाशी.

आधी पिनांचं काम समजून घेऊ.

मराठीत आपण 'चाप ओढला' असंही म्हणतो आणि 'घोडा दाबला' असंही. पण बंदुकीत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चाप म्हणजे बोटाने ओढायचा ट्रिगर. घोडा म्हणजे हॅमर. जुन्या ठासणीच्या बंदुकीत हा घोडा बाहेरच दिसायचा, तो अंगठ्याने मागे ओढून ठेवावा लागायचा. आजच्या रायफलीत तो पोटात दडलेला असतो. त्याच्यामागे ताकदवान स्प्रिंग असते आणि त्याला सतत पुढे झेपावायचं असतं. ट्रिगरचा एक छोटासा ओठ त्याला अडवून धरतो. बोटाने ट्रिगर ओढला की ओठ सरकतो, घोडा सुटतो, पुढच्या फायरिंग पिनवर आदळतो आणि गोळी उडते.

म्हणजे बंदूक उडणं आणि न उडणं यांच्यामध्ये काय उभं असतं, तर धातूच्या दोन कडा एकमेकींत किती अडकल्यात, एवढंच.

ट्रिगर आणि हॅमर दोघंही आपापल्या पिनेभोवती फिरतात, दार बिजागरीच्या खिळीभोवती फिरतं तसे. एआर-१५ या अमेरिकेतल्या सर्वांत प्रसिद्ध रायफलीत या दोन्ही पिना एकसारख्या असतात. जाडी ०.१५४ इंच, म्हणजे साधारण ३.९ मिलिमीटर. पेनाच्या रिफिलपेक्षा थोडी जाड आणि जेमतेम इंचभर लांब.

आता प्रश्न असा, की दर गोळीला हादरे बसणाऱ्या यंत्रात या पिना बाहेर का पडत नाहीत? त्यांना स्क्रू नाही, नट नाही, बाहेरून काहीच नाही.

याचं उत्तर रायफलीच्या मूळ आराखड्यात आहे. १९५० च्या दशकात यूजीन स्टोनर हे इंजिनियर आर्मालाइट नावाच्या कंपनीत काम करत होते. एआर म्हणजे आर्मालाइट रायफल, 'असॉल्ट रायफल' नव्हे. सोशल मीडियावर ही चूक अजून रोज होते. तर या आराखड्यात पिना धरून ठेवण्यासाठी बाहेरून काही लावलेलंच नाही. हॅमरच्या पोटात इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराची एक छोटी स्प्रिंग असते, ती हॅमरच्या पिनेला मधोमध असलेल्या खाचेत पकडते. ट्रिगरच्या पिनेला टोकाजवळ एक खाच असते, त्या खाचेत हॅमरच्या मोठ्या स्प्रिंगचा एक पाय टेकलेला असतो. स्प्रिंगचं मुख्य काम हॅमर ढकलायचं, पण तिचा पाय जाता जाता शेजारच्या पिनेची राखणही करतो. एका भागाकडून दोन कामं काढून घ्यायची ही खुबी कुठल्याही जुन्या फिटरला आवडेल.

पण ती चालते सगळं जागच्या जागी असेल तरच. स्प्रिंगचा पाय खाचेत नसेल तर पिन हळूहळू एका बाजूने बाहेर डोकावायला लागते. तिकडचे लोक याला पिन 'चालायला लागली' म्हणतात. शिवाय घोडा फिरतो तसतशी पिनही थोडी थोडी फिरते आणि हजारो गोळ्यांनंतर अॅल्युमिनियममधलं गोल भोक घासून लांबट होऊ शकतं. यावर उपाय म्हणून दोन्ही पिनांची टोकं बाहेरून पट्टीने जोडून टाकायची, म्हणजे त्या फिरणारच नाहीत, असे जोडसंचही तिकडे विकले जातात.

कारखान्यात बनलेल्या, नीट जोडलेल्या रायफलीत हे फारसं होत नाही. गंमत, खरं तर गंमत नाहीच, ती घरी बनवलेल्या रायफलीत आहे.

दोन पिनांमधलं अंतर ठरलेलं असतं, कारण ट्रिगरचा ओठ हॅमरला किती पकडणार हे त्या अंतरावर ठरतं. कारखान्यात ही भोकं इंचाच्या काही हजारांश भागापर्यंतच्या अचूकतेने पाडतात. घरच्या ड्रिलने भोक किंचित तिरकं गेलं, किंचित मोठं झालं, तर पिन ढिली बसते आणि पकड बिघडते. बहुतेक वेळा अशी रायफल नुसती बंद पडते. पण वाईट दिवस असेल तर ट्रिगरला हात न लावता, नुसत्या धक्क्याने घोडा सुटू शकतो. मग रायफलीचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडे गोळी जाते.

ही झाली यंत्राची बाजू. आता कायद्याकडे येऊ.

२२ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची डॅलसमध्ये हत्या झाली. ज्या रायफलीने गोळ्या झाडल्या गेल्या ती मासिकातली जाहिरात बघून, खोट्या नावाने, टपालाने मागवलेली होती. कुणी ओळखपत्र मागितलं नव्हतं. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत 'गन कंट्रोल अॅक्ट' आला. टपालाने परराज्यातून बंदूक मागवणं सामान्य ग्राहकाला बंद झालं. विक्रेत्यांच्या परवान्याचे नियम कडक झाले. प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक कोरणं सक्तीचं झालं.

पण बंदूक म्हणजे नेमकं काय? माणसाने ती सुटी करून दहा पाकिटांत विकली तर?

कायद्याने यावर तोडगा काढला. बंदुकीचा एक भाग हीच कायद्याच्या दृष्टीने बंदूक मानायची. त्या भागाला रायफलीत म्हणतात रिसिव्हर, पिस्तुलात म्हणतात फ्रेम. अनुक्रमांक त्यावर. तो विकायला परवाना आणि घ्यायला पार्श्वभूमीची तपासणी. बाकी नळी, दस्ता, स्प्रिंगा, ट्रिगर, हॅमर आणि आपल्या या दोन पिना म्हणजे केंद्रीय कायद्यापुरतं निव्वळ हार्डवेअर. स्क्रूसारखं मागवा, घरपोच येईल.

मग रिसिव्हर कुठला, हे कसं ओळखायचं? नियमांत व्याख्या होती: ज्या भागात हॅमर, बोल्ट आणि गोळी झाडणारी यंत्रणा राहते, आणि ज्याच्या पुढच्या टोकाला सहसा नळी बसवायला आटे असतात, तो भाग.

पण या व्याख्येत एआर-१५ बसतच नाही. तिचं धड दोन तुकड्यांचं आहे. वरच्या तुकड्यात बोल्ट आणि नळी, खालच्या तुकड्यात ट्रिगर आणि हॅमर. व्याख्येतलं अर्धं वर, अर्धं खाली. बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याने वर्षानुवर्षं खालच्या तुकड्यालाच रिसिव्हर मानलं. म्हणजे व्यवहारात कायद्याची रायफल कुठली, तर ज्या तुकड्यात त्या दोन पिनांची भोकं आहेत ती.

हे सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मग कुणीतरी कोर्टात व्याख्या मोठ्याने वाचून दाखवली.

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत एका माणसावर खटला भरला गेला. त्याच्या वर्कशॉपमध्ये ग्राहक यायचे, मशीनचं बटण स्वतः दाबायचे आणि अर्धवट रिसिव्हर पूर्ण करून न्यायचे. बटण ग्राहकाने दाबलं, म्हणजे बंदूक ग्राहकाने बनवली, असा सगळा पवित्रा. त्याच्या वकिलांनी आणखी पुढचा मुद्दा काढला, की एआर-१५ चा खालचा तुकडा व्याख्येत बसत नाही, तर तो रिसिव्हरच नाही. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी तात्पुरत्या आदेशात हा मुद्दा उचलून धरला. हा आदेश पक्का झाला असता तर देशातल्या सर्वांत लोकप्रिय रायफलीचा कुठलाच भाग कायद्याने 'बंदूक' उरला नसता. आदेश अंतिम होण्याआधीच सरकारी वकिलांनी आरोपीशी तडजोड केली.

दुसरीकडे बाजाराने आपली वाट शोधली होती.

स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक बनवणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गुन्हा नाही. ज्याला बंदूक बाळगायची बंदी आहे त्याने बनवायची नाही आणि परवान्याशिवाय विकायला बनवायच्या नाहीत, एवढंच. अनुक्रमांकाचीही सक्ती नाही. काही राज्यांनी आपापले कडक नियम केलेत, कॅलिफोर्नियात २०१८ पासून घरच्या बंदुकीलाही क्रमांक लागतो.

आता रिसिव्हर पूर्ण नसेल तर? नुसता धातूचा ठोकळा म्हणजे बंदूक नव्हे, हे कुणालाही पटेल. मग ठोकळा बंदूक कधी होतो? २०२२ पर्यंत एटीएफचं उत्तर साधारण असं होतं: ट्रिगर-हॅमर बसायची पोकळी कोरलेली नसेल, ती जागा भरीव असेल, आणि सेफ्टीचा खटका, ट्रिगर आणि हॅमर यांच्या पिनांची भोकं पाडलेली नसतील, भोक कुठे पाडायचं हे दाखवणारा साधा ठिपकासुद्धा नसेल, तर ती बंदूक नाही.

ठिपकासुद्धा नसेल, यावर जरा थांबा. म्हणजे कारखान्याने पिनेच्या जागी खिळ्याने टोचल्याएवढी खूण केली तर ती बंदूक. परवाना आणा, क्रमांक कोरा, तपासणी करा. खूण केली नाही तर पेपरवेट.

मग कंपन्यांनी खूण केली नाही. त्याच दुकानात, कधी त्याच खोक्यात, जिग दिला. जिग म्हणजे भोक कुठे पाडायचं हे दाखवणारा साचा, आपल्याकडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये असतो तोच. ठिपका धातूवर नव्हता, साच्यावर होता. अशा मालाला बाजारात 'एटी पर्सेंट' म्हणजे ऐंशी टक्के तयार रिसिव्हर असं नाव पडलं. हा ऐंशीचा आकडा कुठल्या कायद्यात नाही, तो दुकानदारांचा आहे.

७ जून २०१३ ला सांता मोनिकात एका तरुणाने घरी जोडलेल्या एआर-१५ धर्तीच्या रायफलीने गोळीबार केला. पाच लोक मारले गेले. १४ नोव्हेंबर २०१९ ला सांता क्लॅरिटाच्या सॉगस हायस्कूलमध्ये सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने दोन विद्यार्थ्यांचा जीव घेतला आणि स्वतःवरही गोळी झाडली. त्याच्या हातातलं पिस्तूलही सुट्या भागांतून जोडलेलं होतं.

अशा बंदुकांना नाव पडलं 'घोस्ट गन', भुताची बंदूक. कारण पोलिसांना ती सापडली तरी ती कुठून आली हे सापडत नाही. अमेरिकेत बंदुकांच्या मालकांची देशभराची एकत्र यादी नाही, तशी यादी बनवायला कायद्यानेच मनाई आहे. त्यामुळे गुन्ह्यातल्या बंदुकीचा माग काढायचा तर अनुक्रमांकावरून कारखाना, कारखान्याकडून दुकानदार, दुकानदाराच्या नोंदीतून पहिला ग्राहक, अशी साखळी धरत जावं लागतं. क्रमांकच नसेल तर साखळीची पहिली कडीच नाही. २०१७ मध्ये पोलिसांनी माग काढायला पाठवलेल्या अशा बंदुका होत्या सुमारे १,६००. २०२१ मध्ये त्या झाल्या १९,००० हून जास्त.

एप्रिल २०२२ मध्ये बायडन सरकारने नवा नियम जाहीर केला आणि ऑगस्टपासून तो लागू झाला. एआर-१५ चा खालचा तुकडा हाच रिसिव्हर, हे त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. आणि सहज पूर्ण करता येईल असा अर्धवट रिसिव्हर साच्यासकट विकत असाल तर तीही बंदूकच, हेही लिहिलं गेलं. नुसता ठोकळा, ना खूण, ना साचा, ना अवजार, ना सूचना, असा विकलात तर तो अजूनही ठोकळाच.

कंपन्या आणि बंदूकप्रेमी संघटना कोर्टात गेल्या. टेक्सासमधल्या न्यायाधीशांनी नियम रद्द केला, वरच्या कोर्टाने त्याला बऱ्याच अंशी दुजोरा दिला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं.

८ ऑक्टोबर २०२४ ची सुनावणी वाचण्यासारखी आहे, कारण देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांनी स्वयंपाकघरावर चर्चा केली. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी सरकारी वकिलांना विचारलं, की ओट्यावर अंडी, चिरलेलं हॅम, मिरची आणि कांदा ठेवला, तर ते ऑम्लेट झालं का? वकील म्हणाल्या, नाही, कारण त्या वस्तूंचे इतरही उपयोग असतात. त्यावर न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी विचारलं, आणि हेच सगळं एका खोक्यात भरून ऑम्लेटचा संच म्हणून विकत घेतलं तर?

आपल्याकडे हा प्रश्न असा विचारता येईल. डब्यातली ज्वारी, तांदूळ, हरभरा डाळ, धने म्हणजे थालीपीठ नव्हे. पण भाजणीचं पाकीट, त्यावर 'पाणी घाला, मळा, थापा, भाजा' असं छापलेलं, आणि सोबत मधोमध भोक पाडलेला थापायचा कागद दिला तर दुकानदाराला 'मी थालीपीठ विकत नाही हो, पीठ विकतो' असं म्हणता येईल का? थालीपिठाच्या बाबतीत म्हणूही देऊ. बंदुकीच्या बाबतीत त्या एका वाक्यावर अनुक्रमांक आणि तपासणी दोन्ही टळत होतं.

२६ मार्च २०२५ ला निकाल आला. ७ विरुद्ध २, सरकारचा नियम टिकला. निकाल लिहिला न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी, जे एरवी सरकारी खात्यांच्या अधिकारांना फारसे हात मोकळे सोडणारे न्यायाधीश नाहीत. त्यांनी एका कंपनीच्या पिस्तूल-संचाचं उदाहरण घेतलं, ज्याचं नावच 'बाय बिल्ड शूट' होतं. घ्या, जोडा, झाडा. त्या संचाची फ्रेम पूर्ण करायला प्लॅस्टिकचे काही कोपरे कापायचे होते आणि काही भोकं पाडायची होती. आयुष्यात तो संच कधी न पाहिलेल्या माणसाने साधी अवजारं आणि यूट्यूबच्या जोरावर २१ मिनिटांत पिस्तूल तयार केलं होतं. गॉर्सच यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं, की आयकियातून आणलेलं टेबल अजून जोडायचं असलं तरी माणूस त्याला टेबलच म्हणतो.

विरोधी निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आणि अलिटो यांना हे पटलं नाही. थॉमस यांचा आक्षेप साधारण असा, की संसदेने 'फ्रेम किंवा रिसिव्हर' लिहिलंय, 'फ्रेम होऊ शकेल अशी वस्तू' लिहिलेलं नाही. हा आक्षेप अगदीच फेकून देण्यासारखा नाही. आणि बहुमतानेही प्रत्येक अर्धवट तुकडा बंदूक असतो असं म्हटलेलं नाही. काही संच नक्की बंदूक ठरतात, एवढ्यावर नियम टिकला. नेमकी रेघ कुठे, म्हणजे किती भोकं बाकी असली की ठोकळा, हे पुढच्या खटल्यांवर सोडलंय.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला याचं काय?

भारतात हा प्रश्नच वेगळ्या पद्धतीने मिटवलाय. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'फायरआर्म'च्या व्याख्येतच बंदुकीचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही धरली आहे. रिसिव्हर कुठला, भोक पाडलंय का, ठिपका आहे का, असल्या चर्चेला जागा नाही. जो हॅमर, ट्रिगर आणि पिनांचा संच अमेरिकेत टपालाने येतो, तो इथे व्याख्येत येतो. परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा विकणं यासाठी आधी ३ ते ७ वर्षं शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप झाली आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या भावाला किंवा मित्राला 'येताना शोपीस म्हणून एखादा पार्ट आण' असं गमतीत सांगणाऱ्यांनी ही कलमं वाचलेली बरी. तिकडे जे हार्डवेअर आहे ते विमानतळावर उतरल्यावर हार्डवेअर राहत नाही.

अमेरिकेत मात्र भोकांचा प्रश्न अजून पुढे सरकतोय. ४ डिसेंबर २०२४ ला मॅनहॅटनमध्ये युनायटेड हेल्थकेअरच्या सीईओंची हत्या झाली. काही दिवसांनी पकडलेल्या संशयिताकडे जे पिस्तूल मिळालं ते थ्रीडी प्रिंटरवर बनवलेलं असावं, असं पोलिसांनी सांगितलं. प्रिंटरला ना ठोकळा लागतो, ना साचा, ना ड्रिल. पिनांची भोकं फाइलमध्येच काढलेली असतात.